घातीय फलनांच्या अनंतस्पर्शी रेषा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घातीय फलनाची, म्हणजे २^क्ष सारख्या घातांकात चल राशी असलेल्या फलनाची, अनंतस्पर्शी रेषा कशी काढायची, हे अकरावी-बारावीत बहुतेक वेळा एका ओळीत सांगितलं जातं: शेवटी जोडलेली संख्या बघा आणि लिहून टाका. साध्या उदाहरणात उत्तर बरोबर येतं. उदाहरण जरा वळलं, कंसाबाहेर गुणक आला किंवा अंश-छेद आले, की तीच ओळ दगा देते. विद्यार्थी पुन्हा पुन्हा विचारतात त्या शंका इथे घेतल्या आहेत. बहुतेक शंकांचं उत्तर एकाच विचारातून निघतं: घाताचं पद कोणत्या बाजूला शून्याकडे जातं, आणि ते गेल्यावर मागे काय उरतं?

लिहिण्याच्या पद्धतीबद्दल एवढंच. चल राशी क्ष आणि य अशा आहेत. घातांक ^ या खुणेनंतर लिहिला आहे, म्हणजे २^३ = ८. ई ही संख्या २.७१८२८… आहे.

अनंतस्पर्शी रेषा म्हणजे नेमकं काय?

वक्रावरचा बिंदू दूर दूर जाऊ लागला की त्याचं एखाद्या सरळ रेषेपासूनचं अंतर शून्याकडे जात असेल, तर ती रेषा त्या वक्राची अनंतस्पर्शी. कॉलेजात सर्रास 'असिम्प्टोट' म्हणतात तीच ही. 'शून्याकडे जाणं' याचा अर्थ नीट धरून ठेवा. अंतर नुसतं कमी होत जाणं पुरेसं नाही. तुम्ही कितीही लहान धन संख्या सांगा, एका टप्प्यानंतर अंतर तिच्याहूनही लहान झालं पाहिजे आणि तसंच राहिलं पाहिजे. य = २^क्ष हा वक्र डावीकडे जाताना य = −१ या रेषेच्याही जवळ जवळ येत राहतो, पण अंतर १ च्या खाली कधीच उतरत नाही. म्हणून य = −१ ही अनंतस्पर्शी नाही.

रेषा आडवी असू शकते, उभी असू शकते, तिरकीही असू शकते. अपास्ताच्या म्हणजे हायपरबोलाच्या अशा रेषांचा अभ्यास ग्रीक गणिती अपोलोनियसने सुमारे २२०० वर्षांपूर्वी केला होता. घातीय फलनं त्यामानाने बरीच नंतरची.

य = २^क्ष ची अनंतस्पर्शी कशी शोधायची?

किंमती घालून बघा. क्ष = ० असताना य = १. क्ष = −१ असताना १/२, क्ष = −३ असताना १/८, क्ष = −१० असताना १/१०२४. म्हणजे डावीकडे दहा पावलं गेलं की वक्र क्ष-अक्षापासून एक हजारांशापेक्षाही कमी उंचीवर असतो. क्ष = −२० ला ही उंची १/१०४८५७६ होते, दशलक्षांशाच्याही खाली. कुणी यापेक्षा लहान संख्या पुढे केली तरी आणखी डावीकडे सरकून तिच्याही खाली जाता येतं. म्हणून डाव्या टोकाला सीमा ० आहे आणि अनंतस्पर्शी रेषा य = ०, म्हणजेच क्ष-अक्ष.

कोणत्याही घातीय फलनासाठी सूत्र आहे का?

आहे. फलन

य = अ · ब^(क्ष − च) + ड

या रूपात असेल, अ शून्य नसेल, ब धन असेल आणि १ नसेल, तर आडवी अनंतस्पर्शी य = ड. कारण ब^(क्ष − च) हे पद एका टोकाला शून्याकडे जातं, त्याला अ ने गुणलं तरी शून्याकडेच जातं, आणि मागे ड उरतो.

य = ३·२^क्ष + ५ ची अनंतस्पर्शी य = ५. य = −७·(१/३)^(क्ष + ४) − २ ची य = −२.

आडवं सरकवलं की अनंतस्पर्शी बदलत नाही. का?

आडवी रेषा आडवी सरकवली तर ती स्वतःवरच पडते, हे एक उत्तर. दुसरं उत्तर मला जास्त आवडतं, कारण त्यातून घातीय फलनाचा स्वभाव कळतो. २^(क्ष − ३) म्हणजे २^क्ष ÷ २^३, म्हणजे (१/८)·२^क्ष. घातीय वक्र उजवीकडे तीन एकक सरकवणं आणि त्याच्या सगळ्या उंच्या एक अष्टमांश करणं या दोन्ही कृतींतून एकच आलेख मिळतो. शून्याकडे जाणारं पद ८ ने भागलं तरी ते शून्याकडेच जाणार.

'शेवटची संख्या लिहा' हा नियम कुठे चुकतो?

चार ठिकाणी हमखास.

य = २^(क्ष + ५). इथे ५ घातांकात आहे, बाहेर नाही. उत्तर य = ०.

य = ४(२^क्ष − ३). इथे घाईत य = −३ लिहिलं जातं. कंस सोडवा: ४·२^क्ष − १२. उत्तर य = −१२.

य = (२^क्ष + ६)/३. प्रत्येक पदाला ३ ने भागा, मागे २ उरतात. उत्तर य = २.

२य − ६ = ३^क्ष. आधी य एकटा करा: य = (१/२)·३^क्ष + ३. उत्तर य = ३.

चारही ठिकाणी सूत्र आठवण्यापेक्षा घाताच्या पदाच्या जागी शून्य ठेवून बघणं सोपं आणि खात्रीचं. ४(० − ३) = −१२. (० + ६)/३ = २. २य − ६ = ० वरून य = ३. कंस सोडवायचीही गरज पडत नाही.

वक्र रेषेच्या जवळ डावीकडे येतो की उजवीकडे?

पाया, म्हणजे सूत्रातला ब, १ पेक्षा मोठा असेल तर डावीकडे, ० आणि १ च्या दरम्यान असेल तर उजवीकडे. घातांकात ऋण चिन्ह असेल तर बाजू उलटते. २^(−क्ष) म्हणजे (१/२)^क्ष, म्हणून त्याची अनंतस्पर्शी उजव्या टोकाला. दोन्ही उलटापालटी एकत्र आल्या, उदाहरणार्थ (१/२)^(−क्ष), तर पुन्हा २^क्ष मिळतं आणि बाजू डावी होते. पाठ करण्यापेक्षा क्ष = १० आणि क्ष = −१० अशा दोन किंमती घालून बघा. जिथे उत्तर चिमुकलं येतं ती बाजू.

उत्तर लिहिताना बाजू सांगण्याची सवय लावून घ्या. 'क्ष → −∞ असताना य → ५, म्हणून य = ५ ही आडवी अनंतस्पर्शी' असं वाक्य पूर्ण आहे. नुसतं '५' लिहिणं ही रेषा नाही, ती एक संख्या झाली.

वक्र रेषेच्या वर असतो की खाली?

अ धन असेल तर वर, ऋण असेल तर खाली. य = −३·२^क्ष + ५ मध्ये ५ मधून नेहमी काहीतरी धन वजा होतं, त्यामुळे वक्र कायम य = ५ च्या खाली.

यातूनच फलनाची रेंज, म्हणजे य घेऊ शकतो त्या सगळ्या किंमती, मिळते: अ धन असेल तर ड पेक्षा मोठ्या सगळ्या संख्या, अ ऋण असेल तर ड पेक्षा लहान सगळ्या. खुद्द ड मात्र रेंजमध्ये नाही. एखादं समीकरण सोडवण्याआधीच त्याला उत्तर नाही हेही यावरून सांगता येतं. ३·२^क्ष + ५ = २ हे समीकरण दिलं तर लॉग घ्यायला धावू नका. डावी बाजू ५ च्या खाली येतच नाही, मग ती २ होणार कशी?

दुसऱ्या टोकाला अनंतस्पर्शी का नसते?

य = २^क्ष उजवीकडे अमर्याद वाढतो हे दिसतंच, त्यामुळे तिथे आडवी रेषा शक्य नाही. पण तिरकी? तिरक्या रेषेला चिकटायचं तर य/क्ष हे गुणोत्तर एखाद्या ठरावीक संख्येवर, म्हणजे त्या रेषेच्या चढावर, स्थिरावलं पाहिजे. क्ष = १० ला हे गुणोत्तर १०२.४ आहे, क्ष = २० ला ५२४२८.८. ते कुठेच स्थिरावत नाही, वाढतच जातं. कोणतीही सरळ रेषा घ्या, कितीही खड्या चढाची, वक्र शेवटी तिला मागे टाकतो.

वक्र अनंतस्पर्शीला कधीच स्पर्श करत नाही, हे खरं ना?

य = अ·ब^(क्ष − च) + ड या कुटुंबासाठी खरं. धन पायाचा कोणताही घात शून्य होत नाही, म्हणून य कधीच ड होत नाही.

पण हे या कुटुंबाचं वैशिष्ट्य आहे. अनंतस्पर्शीच्या व्याख्येत 'स्पर्श करू नये' अशी अटच नाही. य = क्ष·ई^(−क्ष) बघा. क्ष = ० ला य = ०, म्हणजे वक्र क्ष-अक्ष ओलांडतो. क्ष = १ ला तो १/ई, सुमारे ०.३६८, एवढ्या सर्वोच्च उंचीवर पोचतो आणि मग उतरत उतरत त्याच क्ष-अक्षाच्या जवळ जात राहतो. क्ष-अक्ष ही त्याची अनंतस्पर्शीच आहे. त्याहून पुढचं उदाहरण य = ई^(−क्ष)·कोसाइन क्ष. धक्का दिलेला लंबक हवेच्या विरोधामुळे झोके घेत घेत शांत होतो, त्याचा आलेख साधारण असाच असतो. हा वक्र आपली अनंतस्पर्शी अनंत वेळा ओलांडतो.

'अनंतस्पर्शी म्हणजे वक्र जिला कधीच भेटत नाही ती रेषा' ही व्याख्या अनेक वह्यांत लिहिलेली असते. ती काढून टाका. तिच्यामुळे पुढे इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला विनाकारण गोंधळ होतो.

कॅल्क्युलेटर तर २^(−४००) चं उत्तर शून्य देतो. मग स्पर्श झाला की नाही?

झाला नाही. २^(−४००) ही संख्या १०^(−१२०) च्या आसपास आहे, आणि साध्या सायंटिफिक कॅल्क्युलेटरची पोच १०^(−९९) च्या आसपास संपते. त्याखालचं सगळं तो शून्य धरतो. संगणकावर हाच प्रकार आणखी लवकर दिसतो. तिथल्या नेहमीच्या दशांश संख्येत सुमारे १५ ते १७ सार्थ अंक मावतात, त्यामुळे ५ + २^(−६०) चं उत्तर बरोब्बर ५ येतं. जिओजेब्रा किंवा डेस्मॉस या आलेख काढणाऱ्या सॉफ्टवेअरवर वक्र रेषेत मिसळलेला दिसतो, कारण दोघांतलं अंतर पडद्यावरच्या एका ठिपक्यापेक्षा कमी झालेलं असतं. तिथे झूम करून बघा, दोन्ही पुन्हा वेगळे होतील.

घातीय फलनाला उभी अनंतस्पर्शी असते का?

साध्या घातीय फलनाला नसते. क्ष ची कोणतीही किंमत घाला, ब^क्ष ला सांत उत्तर मिळतं, त्यामुळे वक्र कुठेच उभा उधळत नाही. पण घातीय पद छेदात बसलं की गोष्ट बदलते. हे उदाहरण वहीत पूर्ण सोडवून बघा:

य = (५·३^क्ष − २)/(३^क्ष − ९)

छेद शून्य कधी? ३^क्ष = ९, म्हणजे क्ष = २. तिथे अंश ४५ − २ = ४३, शून्य नाही. म्हणून क्ष = २ ही उभी अनंतस्पर्शी. आता टोकं. डावीकडे ३^क्ष शून्याकडे जातं, उरतं (−२)/(−९), म्हणजे य = २/९. उजवीकडे ३^क्ष प्रचंड होतं. तिथे अंश आणि छेद दोन्हींना ३^क्ष ने भागा: (५ − २/३^क्ष)/(१ − ९/३^क्ष). छोटी पदं गळून पडतात आणि य = ५ मिळतं. एकाच फलनाला तीन अनंतस्पर्शी रेषा.

उजवीकडची युक्ती लक्षात घ्या. घात मोठा होत असेल तर त्यानेच भागून त्याला १/३^क्ष असं शून्याकडे जाणारं करायचं. मूळ विचार तोच राहतो.

छेद शून्य झाला म्हणजे उभी अनंतस्पर्शी आलीच, असं समजायचं का?

नाही. अंशही तिथेच शून्य होत असेल तर थांबून बघावं लागतं. य = (४^क्ष − ४)/(२^क्ष − २) घ्या. क्ष = १ ला वर-खाली दोन्हीकडे शून्य. पण ४^क्ष म्हणजे २^क्ष चा वर्ग, म्हणून अंशाचे अवयव (२^क्ष − २)(२^क्ष + २) पडतात. छेद कटतो आणि य = २^क्ष + २ उरतं. आलेखात क्ष = १ ला, ४ या उंचीवर, फक्त एक बिंदू गाळलेला असतो. उभी रेषा नाहीच. आडवी आहे: डावीकडे य = २.

सीमांच्या धड्यातलं (ई^क्ष − १)/क्ष हेही याच जातीचं. क्ष = ० ला छेद शून्य, पण सीमा १ येते, म्हणजे तिथेही गाळलेला बिंदूच. डाव्या टोकाला मात्र अंश −१ कडे जातो आणि छेद अमर्याद ऋण होतो, म्हणून य = ० ही आडवी अनंतस्पर्शी मिळते.

घातांकातच १/क्ष असेल तर?

य = २^(१/क्ष) हा वक्र एकदा तरी हाताने काढावा असा आहे. क्ष उजवीकडून शून्याकडे आला की १/क्ष अमर्याद वाढतं आणि य सुद्धा: क्ष = ०.१ ला १०२४. क्ष डावीकडून शून्याकडे आला की १/क्ष अमर्याद ऋण होतं आणि य शून्याकडे जातो: क्ष = −०.१ ला १/१०२४. म्हणजे क्ष = ० ही उभी अनंतस्पर्शी आहे, पण फक्त उजव्या बाजूने. दूरवर, दोन्ही टोकांना, १/क्ष शून्याकडे जातं आणि य → २^० = १. म्हणून य = १ ही आडवी. इथे शून्याकडे घातांक जातो, घाताचं पद नाही, आणि 'घाताच्या जागी शून्य ठेवा' ही कृती डोळे मिटून केली तर उत्तर चुकेल.

तिरकी अनंतस्पर्शी कधी येते?

घातीय पदाला एखादी सरळ रेषा जोडलेली असेल तेव्हा. य = २क्ष − १ + ३^(−क्ष) मध्ये उजवीकडे ३^(−क्ष) नाहीसं होत जातं आणि वक्र य = २क्ष − १ ला चिकटतो. डावीकडे तेच पद उसळतं, तिथे काही नाही.

एकाच फलनाला दोन आडव्या अनंतस्पर्शी असू शकतात?

हो, एक डाव्या टोकाची आणि एक उजव्या. दोनपेक्षा जास्त नाहीत, कारण टोकं दोनच.

यातलं सर्वांत महत्त्वाचं उदाहरण म्हणजे लॉजिस्टिक वक्र. बेल्जियन गणिती पिएर फ्रान्स्वा वेरहुल्स्टने १८३८ मध्ये लोकसंख्यावाढीसाठी हे समीकरण मांडलं. लोकसंख्या घातीय वेगाने वाढत राहील हे गृहीतक त्याला पटत नव्हतं. जागा आणि अन्न मर्यादित असतं, म्हणून वाढीला छत असलं पाहिजे, असा त्याचा विचार. नमुना म्हणून

य = १००/(१ + ९·२^(−क्ष))

घ्या. क्ष = ० ला य = १०. सुरुवातीला तो जवळपास २^क्ष सारखाच वाढतो. मग वेग मंदावतो. उजवीकडे २^(−क्ष) शून्याकडे जातं आणि य → १००. डावीकडे छेद अमर्याद वाढतो आणि य → ०. अनंतस्पर्शी दोन, य = ० आणि य = १००. वरची रेषा म्हणजे त्या परिसराला पेलणारी कमाल संख्या. जीवशास्त्रात याच रेषेवरून 'धारणक्षमता' सांगतात. अनंतस्पर्शी ही कागदावरची नुसती तुटक रेषा नाही, समीकरण मांडणाऱ्याला जे म्हणायचं आहे ते बऱ्याचदा तिच्यातच असतं.

(ई^क्ष − ई^(−क्ष))/(ई^क्ष + ई^(−क्ष)) या फलनाच्या अनंतस्पर्शी य = १ आणि य = −१. उलट ई^क्ष + ई^(−क्ष) ला एकही नाही, कारण दोन्ही टोकांना एक ना एक पद वाढत असतं. आणि ५^(−क्ष²) चा घंटेसारखा वक्र दोन्ही बाजूंना य = ० कडेच उतरतो: टोकं दोन, रेषा एक.

लॉगच्या आलेखाची अनंतस्पर्शी उभी का?

लॉग हे घातीय फलनाचं व्यस्त फलन. व्यस्त फलनाचा आलेख काढताना क्ष आणि य यांची अदलाबदल होते, त्यामुळे आडवी य = ० उभी क्ष = ० होते. य = २^क्ष + ३ चं व्यस्त फलन पाया २ असलेला लॉग(क्ष − ३), त्याची अनंतस्पर्शी क्ष = ३. लॉगच्या आत शून्य कधी येतं ते बघितलं की रेषा मिळते.

लॉग डावीकडे खाली कोसळतो तशी उजवीकडे त्याला वरची मर्यादा असते का, असंही विचारतात. नसते. तो फार संथ वाढतो, पण वाढतच राहतो.

पाया १ किंवा ऋण का चालत नाही?

१^क्ष नेहमी १, म्हणजे ती सरळ रेषाच झाली. (−२)^क्ष मध्ये क्ष = १/२ घातला की −२ चं वर्गमूळ येतं, वास्तव संख्यांत ते नाही.

ई ही संख्याही अनंतस्पर्शी म्हणून येते, ते कसं?

याकूब बर्नुलीने १६८३ मध्ये चक्रवाढ व्याजाचा प्रश्न विचारला होता. १ रुपया द.सा. १०० टक्क्यांनी ठेवला तर वर्षाअखेर २ रुपये. व्याज सहामाही जोडलं तर २.२५. दरमहा जोडलं तर २.६१३०. रोज जोडलं तर २.७१४६. (नाणं अर्थातच तेव्हाचं, रुपया मी आपल्या सोयीसाठी घेतला.) व्याज जोडण्याचे हप्ते वाढवत गेलं तर रक्कम वाढते, पण अमर्याद नाही. य = (१ + १/क्ष)^क्ष हा वक्र उजवीकडे ज्या आडव्या रेषेकडे जातो ती य = ई. पुढे ऑयलरने या संख्येला तिचं अक्षर दिलं.

या वक्रात एक धोका आहे. १/क्ष शून्याकडे जातं म्हणून कंसात १ उरतो, आणि १ चा कोणताही घात १, असं म्हणून य = १ लिहायचा मोह होतो. पण कंस १ कडे जात असतानाच घातांक अमर्याद वाढत असतो. दोन्ही हालचाली एकदम चालू असतील तर एकीला आधी टोकापर्यंत नेऊन दुसरीचा विचार करता येत नाही.

प्रत्यक्ष व्यवहारात याचा उपयोग कुठे?

थंड होणाऱ्या चहात. १७०१ मध्ये निनावी छापलेल्या एका लेखात न्यूटनने वस्तू थंड होण्याचा नियम वापरला: वस्तू आणि भोवतालच्या तापमानातला फरक जेवढा, त्या प्रमाणात थंड होण्याचा वेग. खोली ३० अंशांवर, चहा ९० वर, आणि फरक दर १० मिनिटांनी निम्मा होतो असं धरलं तर

तापमान = ३० + ६०·(१/२)^(मिनिटं/१०)

१० मिनिटांनी ६० अंश, २० मिनिटांनी ४५, ३० मिनिटांनी ३७.५, तासाभराने ३०.९. अनंतस्पर्शी म्हणजे खोलीचं तापमान. चहा त्याच्याखाली आपोआप जाणार नाही, हे समीकरण स्वतःच सांगतं.

भौतिकशास्त्रात कपॅसिटर चार्ज होतानाही हेच: व्होल्टेज = व०(१ − ई^(−ट/τ)), जिथे व० म्हणजे बॅटरीचं व्होल्टेज, ट म्हणजे वेळ आणि τ म्हणजे कालस्थिरांक, रोध गुणिले धारिता. अनंतस्पर्शी बॅटरीचं व्होल्टेज. एका कालस्थिरांकात ६३.२ टक्के चार्ज, पाच कालस्थिरांकांत ९९.३ टक्के. प्रयोगशाळेत पाच कालस्थिरांकांनंतर 'पूर्ण चार्ज' म्हणतात ते या शेवटच्या आकड्याच्या भरवशावर.

किरणोत्सारी पदार्थ उरतो किती, याच्या आलेखात अनंतस्पर्शी शून्य असते. कार्बन-१४ चं अर्धायुष्य सुमारे ५७३० वर्षं, म्हणजे एवढ्या काळात निम्मा, पुढच्या तेवढ्याच काळात पाव.

अनंतस्पर्शी आणि दोन बिंदू दिले तर समीकरण कसं काढायचं?

अनंतस्पर्शी य = २, बिंदू (०, ५) आणि (१, ८). आधी प्रत्येक य मधून २ वजा करा: ३ आणि ६. रेषेपासूनची उंची एका पावलात दुप्पट झाली, म्हणून पाया २, आणि क्ष = ० ची उंची ३ म्हणून अ = ३. उत्तर य = ३·२^क्ष + २.

आणि अनंतस्पर्शीच माहीत नसेल, फक्त वाचनं असतील तर?

समान अंतरावरची तीन वाचनं पुरतात. अनंतस्पर्शीपासूनच्या उंच्या भूमितीय श्रेढीत असतात, म्हणून मधल्या उंचीचा वर्ग हा कडेच्या दोन उंच्यांचा गुणाकार:

(य₂ − ड)² = (य₁ − ड)(य₃ − ड)

विस्तार केला की ड² दोन्हीकडून जातो आणि

ड = (य₁·य₃ − य₂²)/(य₁ + य₃ − २·य₂)

चहाची वाचनं ९०, ६०, ४५ घाला. अंश ४०५० − ३६०० = ४५०. छेद १३५ − १२० = १५. उत्तर ३०. खोलीत थर्मामीटर न लावता खोलीचं तापमान मिळालं, तेही चहा अजून ४५ अंशांवर असताना! मला हे सूत्र फार मोलाचं वाटतं. अलेक्झांडर एटकनने १९२६ मध्ये संथपणे सीमेकडे जाणाऱ्या क्रमिका वेगाने सोडवण्यासाठी जी रीत वापरली, तिच्यातही हेच सूत्र आहे, आणि संख्यात्मक गणितात ती आजही शिकवतात.

प्रयोग करणार असाल तर मोजमाप काटेकोर ठेवा. तिसरं वाचन ४५ ऐवजी ४६ घेतलं तर अंश ५४०, छेद १६ आणि उत्तर ३३.७५ येतं. वाचनात १ अंशाची चूक, अनंतस्पर्शीत पावणेचार अंशांची. वाचनं जितकी जवळजवळच्या वेळांची, तितका छेद लहान आणि चूक मोठी. म्हणून तीन वाचनांमधलं अंतर ऐसपैस ठेवा, आणि जमलं तर जास्त वाचनं घेऊन तीन-तीनच्या जोड्यांतून ड पुन्हा पुन्हा काढून ताडून बघा.